व्हिसा संपलेला, 21 आठवडे झालेले: इंग्लंडमध्ये बहिणीनं दाखवायचं कुठे?

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटी बहीण आठ महिन्यांपूर्वी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर स्विंडनला नवऱ्याकडे गेली. नवरा मूळचा पेडण्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेला, गोदामात रात्रपाळी करतो. व्हिसा संपून दोन महिने झाले आणि आता ती 21 आठवड्यांची गरोदर आहे. अजून एकाही डॉक्टरला दाखवलेलं नाही, कारण 'हॉस्पिटलात गेलं की नाव होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या तिथल्या गृहखात्याला) जातं आणि पोलीस दारात येतात' असं तिथल्या कुणी सांगितलंय. दीर-जाऊ जवळच राहतात, म्हणून जावेच्या नावावर दाखवायचा बेत चाललाय. ताई विचारतात, हे बरोबर आहे का, की तिला सरळ इकडेच आणावं?

मी 17 वर्षं इंग्लंडमध्ये मिडवाइफ होते, आता फोंड्याला असते. सुईण म्हटलं की इथे लोक हसतात, पण काम तेच. असे फोन मला महिन्याला एक-दोन येतातच, बहुतेक वेळा मुलीच्या आईचे किंवा बहिणीचे. मुलगी स्वतः कधी करत नाही.

ताई, आधी घाईची गोष्ट. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मेंदू, किडनी नीट तपासणारी जी मोठी सोनोग्राफी असते ती इंग्लंडमध्ये 18 ते 21 आठवड्यांच्या दरम्यान करतात. काही कारणानं राहिली तर 23 आठवड्यांपर्यंत करून देतात. तुमच्या बहिणीच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. नोंदणी होऊन तारीख मिळायलाच आठवडा जातो. म्हणजे पोलीस, व्हिसा, बिल हे सगळं बोलू, पण फोन या आठवड्यात झाला पाहिजे. बाजारात दीडशे-दोनशे पौंड घेऊन बाळाचा चेहरा दाखवणारी खासगी सोनोग्राफीची दुकानं आहेत. तिथलं फोटोचं पाकीट घरी ठेवायला छान, पण ती ही तपासणी नव्हे.

आता कायदा. इंग्लंडमध्ये (स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे, मी इंग्लंडचंच बोलतेय) जीपीकडे, म्हणजे वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव घालायला व्हिसा लागत नाही. पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र नाही म्हणून नोंदणी नाकारायची नाही असं एनएचएसचंच, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचंच, मार्गदर्शन आहे. जीपीला दाखवणं फुकट, मग तुमचा व्हिसा असो नसो. रिसेप्शनवरची मुलगी कधीकधी पासपोर्ट मागते. तिला हे माहीत नसतं, किंवा माहीत असून सवयीनं मागते. तेव्हा भांडायचं नाही, 'माझ्याकडे आत्ता नाही, फॉर्म द्या' एवढंच म्हणायचं.

आणि खरं म्हणजे बाळंतपणासाठी जीपीची वाटही पाहावी लागत नाही. बहुतेक हॉस्पिटलांच्या मॅटर्निटी विभागाच्या वेबसाइटवर स्वतः नाव नोंदवायचा फॉर्म असतो. तो भरला की मिडवाइफच फोन करते.

हॉस्पिटलातलं बाळंतपण मात्र तिला फुकट नाही. हे कुणी लपवू नये. व्हिसा संपलेल्या माणसाला 2015 च्या नियमांनुसार बिल लागतं, तेही एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण आणि नंतरची काळजी मिळून साधं सरळ बाळंतपण असलं तरी सात हजार पौंडांच्या आसपास जातं. सिझेरियन किंवा गुंतागुंत झाली तर त्याहून जास्त. आश्रय मागितलेल्या, माणसांच्या तस्करीत सापडलेल्या बायका यातून वगळलेल्या आहेत. घरातल्या मारहाणीमुळे लागणारे उपचारही बिलात येत नाहीत. तुमच्या बहिणीला यातलं काही लागू होत असेल तर ते मिडवाइफला एकटीनं सांगायचं.

पण त्याच नियमांत एक वाक्य आहे, आणि ते इथल्या प्रत्येक आईनं पाठ करावं असं मला वाटतं. मॅटर्निटीची सेवा ही 'तातडीनं आवश्यक' धरलेली आहे. म्हणजे पैसे आधी भरले नाहीत म्हणून ती नाकारायची नाही, लांबवायचीही नाही. तपासणीची पहिली वेळ असो की कळा सुरू झाल्यावरचा दरवाजा, आधी सेवा, बिल मागाहून. कुणी 'डिपॉझिट भरा मग अपॉइंटमेंट देतो' म्हणालं, तर ते चुकताहेत. फोनवर इंग्रजीतच म्हणायचं: 'मॅटर्निटी केअर इज इमीजिएटली नेसेसरी, यू कॅनॉट डिले इट.' मी हे वाक्य दोन जणींना देवनागरीत लिहून पाठवलंय. एकीनं ते फ्रिजवर चिकटवलं होतं.

जावेच्या नावाबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण हा बेत मी पुष्कळ घरांत ऐकलाय आणि ऐकताना तो फार शहाणपणाचा वाटतो. जाऊ सेटल्ड, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी असलेली, तिचा एनएचएस नंबर आहे, तिला बिल लागणार नाही, मग नाव तिचं आणि पोट हिचं. पहिल्या भेटीत काय होतं ते बघा. हातातून सहा-सात नळ्या रक्त काढतात. रक्तगट, हिमोग्लोबिन, थॅलेसेमिया, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस. हे सगळे रिपोर्ट जावेच्या फाइलमध्ये जातात. समजा जावेचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे आणि तिच्या मागच्या बाळंतपणापासून तो तिथे नोंदलेला आहे. तुमची बहीण निगेटिव्ह निघाली, तर लॅब म्हणेल नळीवर चुकीचं नाव पडलं, पुन्हा रक्त द्या. पुन्हा तेच आलं की गोष्ट उघडी पडते. आणि समजा उघडी पडली नाही, तर जास्त भीती. बाळंतपणात रक्तस्राव झाला की दोन मिनिटांत रक्त मागवावं लागतं, आणि ते मागवताना पडद्यावरची जुनी नोंदही बघितली जाते. जावेला पेनिसिलिनची अॅलर्जी नाही, पण तुमच्या बहिणीला असेल तर? जावेची आधी दोन बाळंतपणं झालीत आणि हिची पहिली खेप, तर कळा किती वेळ चालणार याचा आमचा सगळा अंदाजच चुकतो.

त्याशिवाय बाळाच्या जन्माची नोंद जावेच्या नावावर जाते. मग ते बाळ कागदोपत्री कुणाचं? हे सोडवायला पुढे वकील लागतात. आणि ही फसवणूक आहे, गुन्हा आहे, तो जावेच्याही अंगावर येतो. व्हिसा संपणं ही चूक निस्तरता येते. या नावाच्या फसवणुकीत मात्र दोन बायका आणि एक बाळ अडकतं. नाही म्हणजे नाही.

आता एका मुलीची गोष्ट, ओळख पुसून सांगते. माझ्या हॉस्पिटलात एका डिसेंबरच्या रात्री 32 आठवड्यांची एक मुलगी आली. आपल्याकडचीच, बोलण्यावरून कळलं. एकदाही दाखवलं नव्हतं. आठवडाभर डोकं दुखत होतं, ते थंडीनं असेल म्हणून अंगावर काढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा नवऱ्यानं टॅक्सी बोलावली. ब्लड प्रेशर 174 वर 112. लघवीत पट्टी बुडवली तर प्रथिनांचा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला. हातांना एवढी सूज की मनगटावरचा हिरवा चुडा मांसात रुतलेला, सुई टोचायला जागा नाही. कापायचं म्हटलं तर ती मान हलवेना. शेवटी मीच मराठीत म्हटलं, 'अगं, बाळ झालं की मी नवीन भरते तुला.' तेव्हा हात पुढे केला. कात्रीनं काचेच्या बांगड्या कापत नाहीत हो, फोडाव्याच लागतात, टॉवेल गुंडाळून. झटके येऊ नयेत म्हणून लावलेल्या मॅग्नेशियमच्या ड्रिपला ती रडली नाही, त्या चुड्याला रडली.

दोघंही वाचली. बाळ पाच आठवडे नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात होतं. जे बिल टाळायला तिनं सात महिने दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या कितीतरी पट बिल त्या पाच आठवड्यांचं झालं. 12 व्या आठवड्यात कुणी तिला तपासलं असतं तर झोपताना घ्यायच्या अॅस्पिरिनच्या एका छोट्या गोळीवर हे कदाचित टळलं असतं.

म्हणून बहिणीला आजच विचारा: डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, बरगडीखाली उजवीकडे दुखतं का, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज आली का? यातलं एकही असेल तर नोंदणीची वाट न बघता सरळ हॉस्पिटलच्या मॅटर्निटी ट्रायाजला, म्हणजे गरोदर बायकांच्या तातडीच्या तपासणीच्या जागी. अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, किंवा पुढे बाळाची हालचाल कमी वाटली तरी तेच. 'उद्या बघू' नको.

होम ऑफिसचं खरं-खोटं आता सांगते. मिडवाइफ किंवा डॉक्टर कुणाला कळवत नाहीत. मी 17 वर्षांत प्रसूती कक्षात पोलीस पाहिले ते बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांसाठी. पण हॉस्पिटलात परदेशी पेशंटांच्या बिलाचं वेगळं ऑफिस असतं. ते तिला एक प्रश्नपत्रिका देतील, पासपोर्ट मागतील, आणि बिल लागतं की नाही हे ठरवायला होम ऑफिसकडे विचारणा करू शकतात. म्हणजे नाव अजिबात जात नाही असं मी म्हणणार नाही. बिल 500 पौंड किंवा त्याहून जास्त असेल आणि दोन महिने थकलं, तर ती माहिती होम ऑफिसला जाते आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात आडवी येऊ शकते. यावर उपाय आहे. बिलाचं पत्र आलं की ते उशाखाली ठेवायचं नाही. त्याच ऑफिसला फोन करून परवडेल एवढा हप्ता लावून घ्यायचा, महिन्याला 20-30 पौंडही चालतात असं मी पाहिलंय. ठरलेलं लिहून घ्यायचं आणि एकही हप्ता चुकवायचा नाही. बिल चुकीचंही असतं बरं का. न झालेल्या तपासण्या, किंवा वगळायला हवी होती अशी पेशंट. लंडनमधली मॅटर्निटी अॅक्शन ही संस्था या बिलांवर सल्ला देते, तोही फुकट. पत्र आलं की आधी त्यांना दाखवा.

पकडून डांबतील का, हा दुसरा धसका. व्हिसा संपल्यावर राहणं हा तिथल्या कायद्यात गुन्हाच आहे, हे मऊ करून सांगत नाही. पण गरोदर बाईला इमिग्रेशनच्या ताब्यात 72 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि मंत्र्यांची परवानगी असली तर जास्तीत जास्त आठवडाभर. ही मर्यादा 2016 पासून कायद्यातच आहे. हॉस्पिटलच्या पलंगावरून उचलून विमानात घालतात ही भीती पसरवणारी माणसं बहुधा ती, जी पुढे म्हणतात, 'मी एक एजंट ओळखतो.' इंग्लंडमध्ये नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. साऊथॉलच्या किंवा स्विंडनच्या कुणा 'भाई'ला पाचशे पौंड देण्यापेक्षा नोंदणीकृत सल्लागार किंवा सॉलिसिटरला एका तासाचे पैसे द्या.

आणि त्या सल्लागाराला पहिला प्रश्न हा विचारा: नवऱ्याचं स्टेटस सेटल्ड आहे की प्री-सेटल्ड (त्याच्या आधीचं, तात्पुरतं)? ताई, तुमच्या पत्रात हे नाही आणि बाळासाठी सगळ्यात मोलाचं हेच आहे. 1983 पासून इंग्लंडमध्ये नुसतं जन्मल्यानं नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा बाप ब्रिटिश किंवा सेटल्ड असावा लागतो. बाप जन्माच्या दिवशी सेटल्ड असेल तर बाळ जन्मतःच ब्रिटिश. प्री-सेटल्ड असेल तर नाही. आपल्याकडची कितीतरी पोरं पाच वर्षं झाली तरी सेटल्डचा अर्ज 'बघू, चवथीनंतर करू' म्हणून ढकलतात. बाळंतपणाच्या आधी तो अर्ज करण्यासारखा असेल तर करून टाका. लग्नाचा दाखलाही हाताशी ठेवा. गोव्यात नोंदणी दोन टप्प्यांत होते. पहिली सही करून दुसरीला गेलेच नाहीत अशी जोडपी मला भेटलीत, देवळातलं लग्न मात्र थाटात झालेलं. तसं असेल तर आत्ताच कळायला हवं.

जन्माची नोंद 42 दिवसांत रजिस्ट्रारकडे करायची. तिथे आईचा व्हिसा विचारत नाहीत. बाळाला भारतीय ठेवायचं ठरलं तर जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय उच्चायोगाकडे नोंद करावी लागते, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

आता इकडे आणावं का? 21 आठवड्यांना विमानप्रवास करता येतो. 28 नंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर घेत नाहीत, जुळी असतील तर त्याच्याही आधी. व्हिसा संपून 30 दिवसांच्या आत स्वखर्चानं निघाली असती तर पुढच्या व्हिसावर बंदी लागली नसती. आता दोन महिने झाल्यानं स्वतःहून, स्वतःच्या पैशानं निघाली तरी साधारण वर्षभराची बंदी येते. नवऱ्याच्या आधारावरच्या व्हिसाला हे सगळं कसं लागू होतं ते सल्लागारालाच विचारा, मी सुईण आहे.

माझं मत विचाराल, तर नवरा रात्रपाळीला, ती एकटी एका खोलीत, डोक्यावर बिल, अशा स्थितीत इकडे माहेरी येऊन बाळंत होणं वाईट नाही. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात सरकारी बाळंतपणाला पैसे लागत नाहीत, आणि बांबोळीला अवघड केसेस रोज हाताळतात. पण बाळ तिथे जन्मल्यानं ब्रिटिश होणार असेल तर तराजू दुसरीकडे झुकतं. हा निर्णय नवरा-बायकोचा. मात्र यायचं ठरलं तरी तिथली नोंदणी आणि ती मोठी सोनोग्राफी करूनच या. रिपोर्ट मोबाइलच्या अॅपमध्ये असतात, ते छापून पिशवीत ठेवा. अॅप इथे उघडेलच असं नाही.

आखातातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण हे वाचून कुणी दुबईत हाच हिशेब लावेल. तिथे गणित उलटं आहे. व्हिसा संपल्यावर दिवसाला 50 दिरहम दंड चढत जातो, सरकारी हॉस्पिटल आधी ओळखपत्र मागतं आणि लग्नाच्या दाखल्याशिवाय बाळाच्या कागदांना फार त्रास होतो. तिथे मी सहसा लवकर परत या असंच सांगते. पासपोर्ट नसेल तर वकिलातीकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, आणि खरोखर हात टेकलेल्यांना वकिलातीचा भारतीय समुदाय कल्याण निधी तिकिटाला, दंडाला, तातडीच्या उपचारांना मदत करू शकतो. मागायला मात्र स्वतः जावं लागतं.

पुन्हा स्विंडनकडे. पहिल्या भेटीत मिडवाइफ नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवेल आणि विचारेल, घरी सुरक्षित वाटतं का? हे सगळ्यांनाच विचारतात, घाबरायचं नाही. दुभाषी मागा, मराठीचा फोनवर मिळतो आणि फुकट असतो. नवऱ्याला दुभाषी करू नका. 24 ते 28 आठवड्यांत ग्लुकोजचं पाणी पाजून साखर बघतील, आपल्या बायकांना ही तपासणी हवीच. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर 28 व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन, म्हणजे आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध उठू नये म्हणून. डांग्या खोकल्याची लस 16 आठवड्यांनंतर केव्हाही, ती राहिलेली आहे.

जीपीचे फोन तिथे सकाळी आठला उघडतात आणि पाच मिनिटांत लाइन जाम होते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा, थंडीत त्यांची घड्याळं मागे गेली की दीड. बहीण इंग्रजीला बुजत असेल तर आठला पाच कमी असताना तुम्ही डिचोलीहून व्हॉट्सअॅपवर तिच्यासोबत राहा. तिनं दुसऱ्या फोनवरून नंबर लावायचा आणि एवढंच म्हणायचं: 'आय अॅम ट्वेंटी वन वीक्स प्रेग्नंट, आय हॅव नॉट सीन अ मिडवाइफ, आय नीड अ बुकिंग अपॉइंटमेंट धिस वीक.' नाव विचारलं की स्वतःचं सांगायचं.